कराटे मुलांचे, थांबणे पालकांचे

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास धरमपेठेतल्या एखाद्या कराटे किंवा तायक्वांदो क्लाससमोर पाच मिनिटे उभे राहावे. पांढऱ्या गणवेशातली मुले आत पळतात. बाहेर दुचाक्यांची रांग लागते. आई किंवा बाबा गाडी स्टँडवर लावतात, तिच्यावरच बसतात आणि मोबाइल उघडतात. कुणी ऑफिसचे मेल बघतो, कुणी तेवढ्यात गोकुळपेठ बाजारातून भाजी आणते, कुणी शेजारच्या पालकाशी ट्यूशनच्या फीविषयी बोलते. तासाभराने मुले घामाघूम होऊन, हसत बाहेर येतात. पालक तसेच बसलेले असतात.

यांतल्या एखाद्याला विचारले, "तुम्ही का नाही शिकत?", तर उत्तर ठरलेले असते. "लहानपणी खूप वाटायचं शिकावं, राहून गेलं. आता टाइमच नाही भेटत." हे उत्तर खोटे नसते. सकाळचा डबा, शाळेची बस, ऑफिस, घरातले वडीलधारे, रात्रीचा स्वयंपाक यांत दिवस खरोखरच संपतो. पण हे उत्तर देताना त्यांच्या हातात एक अख्खा रिकामा तास असतो. तोही आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने. मुलासाठी काढलेला, येण्याजाण्याचा खर्च आधीच झालेला तास.

मार्शल आर्टसाठी वेळ काढायचा म्हणजे दिवसात नवा दीड तास निर्माण करायचा, असे बहुतेकांना वाटते. तो निर्माण होत नाही, म्हणून विषय पुढच्या जानेवारीवर जातो. शरीराचे शास्त्र आणि या विद्यांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

निम्मे प्रौढ हालचालीत कमी पडतात

'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातील ४९.४ टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. २००० साली देशाचा एकूण आकडा २२ टक्क्यांच्या आसपास होता. दोन दशकांत तो दुपटीहून वाढला. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून बघावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

क्लासबाहेर गाडीवर बसलेला पालक साधारण पस्तीस ते पन्नास वयाचा असतो. रक्तदाब, साखर, गुडघेदुखी आणि कंबरदुखी यांची पहिली नोंद होते ती याच वयात. म्हणजे कराटेची सर्वांत जास्त गरज असलेला माणूस दाराबाहेर असतो.

चालणे उत्तमच आहे आणि ते सोडू नये. पण चालण्यात न मिळणाऱ्या काही गोष्टी कराटे, तायक्वांदो, ज्युदो किंवा आपल्या लाठीकाठीत मिळतात. गुडघ्यात वाकून उभे राहण्याच्या पवित्र्याने मांड्या आणि नितंबांचे मोठे स्नायू कामाला लागतात. रक्तातील साखर वापरणारे हेच मोठे स्नायू. लाथ मारताना काही क्षण एका पायावर तोल सांभाळावा लागतो. वळणे, मागे सरकणे, समोरच्याच्या हालचालीला उत्तर देणे यांत डोळे, कान, मेंदू आणि पाय एकत्र काम करतात. जमिनीवर बसणे आणि हात न टेकता उठणे होते. साठीनंतर घरातल्या घरात पडून खुब्याचे हाड मोडणे टाळायचे असेल, तर नेमकी हीच कौशल्ये लागतात.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सत्तरीच्या पुढच्या ६७० जणांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सर्वांना एकतर पूर्वी पडण्याचा अनुभव होता किंवा चालण्यात अडचण होती. आठवड्यातून दोनदा, सहा महिने ताई-ची या चिनी युद्धकलेतून आलेल्या संथ व्यायामाचा खास बेतलेला प्रकार करणाऱ्या गटात पडण्याचे प्रसंग, केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी आढळले. हा निष्कर्ष जोरदार कराटेला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण तोल हा सरावाने सुधारतो आणि तो उतारवयातही सुधारतो, एवढे त्यातून नक्की कळते.

आठवड्याचे साधे गणित

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. याच सूचनांत एक महत्त्वाचा बदल झाला. पूर्वी एका वेळी किमान दहा मिनिटे सलग हालचाल झाली तरच ती मोजावी असे म्हटले जाई. ती अट काढून टाकण्यात आली. आता प्रत्येक मिनिट हिशेबात धरले जाते.

नवशिक्याचा संथ गतीचा कराटे सराव ऊर्जेच्या हिशेबात भरभर चालण्यापेक्षा थोडा वरचा, म्हणजे मध्यम व्यायाम ठरतो. काही महिन्यांनी गती वाढली की तोच सराव जोरदार व्यायामात मोडतो आणि त्याचे एक मिनिट साधारण दोन मध्यम मिनिटांच्या तोडीचे होते.

आता बेरीज करू. क्लास आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी ४५ मिनिटे प्रत्यक्ष हालचाल, म्हणजे ९०. घरी रोज दहा मिनिटे, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे ६०. एकूण १५०. पवित्रे आणि बैठकांमुळे स्नायूंचा व्यायामही त्यातच होतो. रोज दीड तासाचा डोंगर डोळ्यांसमोर उभा असतो, प्रत्यक्षात लागतात ती दहा मिनिटे आणि मुलाच्या क्लासचे दोन तास.

क्लास चूक दुरुस्त करायला, सराव घरी

"पण दहा मिनिटांत काय शिकून होणार?" ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी सापडते, ब्रिटनच्या टपाल खात्यात.

पत्रे यंत्राने वेगळी करण्यासाठी तिथल्या कर्मचाऱ्यांना कळफलक चालवायला शिकवायचे होते. मानसशास्त्रज्ञ अॅलन बॅडली आणि त्यांचे सहकारी लाँगमन यांनी त्यांचे चार गट केले. एका गटाने रोज एकच तास सराव केला. दोन गटांनी रोज दोन तास केला, कुणी सलग, कुणी दोन भागांत. चौथ्या गटाने दोन-दोन तासांची दोन सत्रे, म्हणजे रोज चार तास केला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रोज एकच तास करणाऱ्यांना तेवढेच कौशल्य मिळवायला एकूण सर्वांत कमी तास लागले. चार तासवाल्यांना सर्वांत जास्त. गंमत म्हणजे सर्वांत कमी समाधानी होता तोही एक तासवाला गटच, कारण कॅलेंडरवर त्यांचे दिवस जास्त जात होते. शिकणे चांगले होत होते, पण तसे वाटत नव्हते.

अर्थात एक तास वेगळा आणि दहा मिनिटे वेगळी. पण तत्त्व तेच आहे. हालचालींचे कौशल्य तुकड्यातुकड्याने, मध्ये अंतर ठेवून चांगले रुजते. या अंतरात एक रात्र आली तर अधिक चांगले. हार्वर्डमधील संशोधकांनी २००२ मध्ये बोटांच्या ठरावीक क्रमाच्या हालचालीवर प्रयोग केला. रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काहीही सराव न करता, ती हालचाल साधारण २० टक्क्यांनी वेगवान झालेली दिसली. तेवढेच तास जागे राहिलेल्यांत तशी सुधारणा दिसली नाही. दिवसा शिकलेले शरीर झोपेत पक्के करत असते. म्हणून सरावासाठी झोपेतून तास चोरणे हा सर्वांत वाईट सौदा.

यावरून क्लास आणि घर यांची वाटणी ठरते. क्लासला जायचे ते चूक दाखवून घ्यायला, जोडीदाराबरोबर काम करायला आणि पुढचा धडा घ्यायला. घोकंपट्टी घरी. जो फक्त क्लासमध्येच सराव करतो, त्याचा अर्धा क्लास मागचे आठवण्यातच जातो.

हे सगळे कामाच्या माणसांनीच घडवले

मार्शल आर्ट म्हटले की डोंगरावरच्या मठात दिवसभर सराव करणारा कुणी तरी डोळ्यांसमोर येतो. सिनेमाने हे चित्र दिले. आधुनिक कराटे आणि ज्युदो ज्यांनी घडवले, त्यांतली ठळक माणसे नोकरदार होती.

गिचिन फुनाकोशी यांचा जन्म १८६८ चा, ओकिनावा बेटावरचा. पेशाने ते शाळामास्तर. दिवसभर शाळेत शिकवायचे आणि रात्री अंधारात चालत गुरूंच्या घरी जायचे. तिथे अंगणात एकच काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा करायचे. गुरूंना समाधान वाटेपर्यंत पुढचा मिळत नसे. हा मास्तर रोज रात्री जातो तरी कुठे, अशी कुजबूज शेजारी करत, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. १९२२ मध्ये हेच गृहस्थ टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि पुढे कराटे जगभर पोहोचले.

त्यांचे एक गुरू आंको इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास कराटे ओकिनावाच्या शाळेत आणले. मोठे, अवघड काता मुलांना झेपणार नाहीत म्हणून त्यांनी पाच छोटे काता बसवले. आज नागपुरातल्या अनेक क्लासांत नवशिक्यांना 'हेयान' किंवा 'पिनान' या नावाने शिकवले जातात ते हेच. यांतला एक काता साधारण मिनिटभरात होतो. कुकरची एक शिट्टी होऊन दुसरी होईपर्यंत. शाळेच्या तासात बसावे म्हणून केलेली ही रचना व्यग्र माणसाच्या दिवसातही बसते.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो हेही शिक्षकच. १८८२ मध्ये टोकियोतल्या एका मंदिरात, १२ चटयांच्या जागेत त्यांनी आपली शाळा सुरू केली तेव्हा ते बाविशीच्या आतले होते. पुढे ते शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्रमुख झाले. आपल्या शक्तीचा जास्तीत जास्त परिणामकारक वापर करणे, हे त्यांनी ज्युदोचे मुख्य तत्त्व मानले. ते त्यांनी कुस्तीच्या चटईपुरते ठेवले नाही, रोजच्या जगण्यालाही लावले.

आणि विदर्भाला हे का नवे आहे? अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. आपल्याकडच्या तालमीची रीतही कामकऱ्याच्याच सोयीची. पहाटे उठायचे, जोर-बैठका काढायच्या, मातीत उतरायचे आणि दुकान उघडायच्या किंवा कामावर जायच्या आत घरी परतायचे. व्यायाम दिवसाच्या शेवटी उरलेल्या वेळात करायचा असतो, ही समजूत अलीकडची.

एक आठवडा असा

उदाहरणादाखल एक आठवडा बघू. समजा, शंकरनगरकडे राहणारी, सीताबर्डीला नोकरी करणारी ४४ वर्षांची एक आई आहे. मुलगा मंगळवारी आणि गुरुवारी क्लासला जातो.

पहिले काम क्लासच्या सरांशी किंवा मॅडमशी बोलण्याचे. याच तासात मागच्या बाजूला पालकांची तुकडी घेता येईल का? चार-पाच पालक एकत्र विचारायला गेले तर बहुतेक ठिकाणी मार्ग निघतो. येण्याजाण्याचा वेळ वाचतो, वेगळा दिवस लागत नाही. नाहीच जमले तर त्या तासात मोबाइल खिशात ठेवून ट्रॅफिक पार्कच्या बाजूने अर्धा तास भरभर चालावे आणि मोठ्यांचा क्लास शनिवारी-रविवारी शोधावा.

दुसरे काम घरच्या दहा मिनिटांचे. त्यांना घड्याळाची वेळ देऊ नये, एखाद्या रोजच्या कामाला बांधावे. "सहा वाजता" असे ठरवले की सव्वासहाला ते मोडते. "चहाचे आधण ठेवण्याआधी" किंवा "आंघोळीआधी" असे ठरवले तर ते टिकते. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, पोलीस, कारखान्यातले कामगार यांना तर घड्याळ उपयोगाचेच नाही. त्यांनी झोपून उठल्यावरची दहा मिनिटे धरावीत.

त्या दहा मिनिटांत काय करायचे? पहिली दोन मिनिटे जागच्या जागी चालत खांदे, कंबर आणि घोटे मोकळे करावेत. पुढची तीन मिनिटे पायांसाठी. बैठका जमत नसतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठबस करावी, दहा-दहाच्या दोन फेऱ्या, मध्ये थांबून. नंतर तीन मिनिटे या आठवड्यात शिकवलेली एकच गोष्ट आरशासमोर सावकाश करावी. एक ठोसा, एक बचाव किंवा एक काता. वेग नको, नेमकेपणा हवा. नववे मिनिट तोलासाठी. भिंतीजवळ उभे राहून आधी एका आणि मग दुसऱ्या पायावर तीस-तीस सेकंद. शेवटचे मिनिट शांत उभे राहून श्वास सावकाश सोडण्याचे. यासाठी पलंगाशेजारची जागा पुरते. लाठी शिकत असाल तर मात्र गच्ची गाठावी, ट्यूबलाइट आणि पंखा दोन्ही वाचतात.

रात्री उशिरा सराव केल्याने झोप उडते का, असे अनेक जण विचारतात. संध्याकाळच्या व्यायामाने बहुतेकांची झोप बिघडत नाही. पण धाप लागेल असा जोरदार सराव झोपण्याच्या किमान एक तास आधी संपवावा. भरपेट जेवणानंतर लाथा-बुक्क्यांचा सराव नको. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे हलके चालावे, जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला ते उपयोगी पडते.

फक्त रविवारच मिळाला तर?

काहींना खरोखरच आठवड्याचे पाच दिवस मोकळे नसतात. त्यांच्यासाठी दिलासा आहे. ब्रिटनमधील सुमारे ९० हजार लोकांच्या मनगटावर यंत्र बांधून मोजलेल्या हालचालींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याची १५० मिनिटे एक-दोन दिवसांतच पूर्ण करणाऱ्यांत मधुमेह, उच्च रक्तदाब यांसह अनेक आजारांचा धोका, हालचाल आठवडाभर वाटून घेणाऱ्यांइतकाच कमी दिसला.

पण मार्शल आर्टच्या बाबतीत यात एक मेख आहे. हृदयाला रविवार पुरेल, स्नायुबंधांना आणि कौशल्याला तो कमी पडतो. सहा दिवस खुर्चीत बसलेल्या मांडीने सातव्या दिवशी डोक्याइतकी उंच लाथ मारली की मांडीमागचा स्नायू ताणला जातो किंवा पोटरीत कळ येते. बऱ्याच खंडानंतर ईर्ष्येने शे-दोनशे बैठका मारल्या तर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटून त्यातले घटक रक्तात उतरू शकतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. एक-दोन दिवस अंग दुखणे साहजिक आहे. पण असह्य दुखणे, स्नायू सुजून कडक होणे आणि लघवी काळ्या चहासारखी गडद होणे ही लक्षणे दिसली तर घरी शेक घेत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रविवारवाल्यांनीही मधल्या दिवसांत दोनदा तरी ती दहा मिनिटे करावीत.

नागपूरचा उन्हाळा आणि बंद हॉल

एप्रिल-मे मध्ये नागपूरचा पारा ४५ अंशांना भिडतो, कधी ओलांडतोही. जाड सुती गणवेश, पत्र्याचे किंवा वरच्या मजल्यावरचे तापलेले छत आणि एका हॉलमध्ये तीस जण, हे गणित धोक्याचे आहे. या दोन महिन्यांत सराव सूर्योदयाच्या आसपास करावा, संध्याकाळी सूर्य मावळल्यावरही भिंती तापलेल्या असतात हे विसरू नये. टी-शर्टवर सरावाची परवानगी मागावी. अर्धा तास आधी पाणी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी काही घोट घ्यावेत. नंतर ताक, लिंबूपाणी किंवा पन्हे चालते. मधुमेह असेल तर पन्हे-सरबतात साखर नको. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर उन्हाळ्यात सरावाबाबत डॉक्टरांना विचारून घ्यावे. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे सुरू झाले की लगेच थांबून सावलीत बसावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहावे.

सुरू करण्याआधी

चाळिशीनंतर, बरीच वर्षे व्यायाम नसताना सुरुवात करणाऱ्यांनी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, अकारण धाप लागत असेल, चक्कर येत असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत थांबावे. पवित्र्यात उभे राहून श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. ठोसा मारताना ओरडायला शिकवतात त्याचा हाही एक फायदा, ओरडताना श्वास बाहेर पडतोच. नाडीचा वेग कमी ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी नाडी मोजण्यापेक्षा बोलून बघावे. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर सराव मध्यम, दोन-चार शब्दांनंतर दम लागत असेल तर जोरदार.

मधुमेहींसाठी दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या. पहिली, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर संध्याकाळच्या क्लासमध्ये घसरू शकते. आधी तपासून ती ९० च्या खाली असेल तर केळे किंवा तत्सम काही खाऊनच उतरावे, खिशात ग्लुकोज ठेवावे आणि सरांना सांगून ठेवावे. दुसरी गोष्ट पायांची. हे सगळे प्रकार अनवाणी होतात. तळपायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला फोड आलेला, काच लागलेली कळत नाही. अशांनी पातळ तळव्याचे बूट घालण्याची परवानगी मागावी आणि घरी आल्यावर आरसा धरून तळवे रोज तपासावेत. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला असेल तर धक्के आणि डोके खाली जाणारे प्रकार नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नयेत.

गुडघे दुखणाऱ्यांनी पवित्रा कमी खोल ठेवावा. हाडे ठिसूळ असतील तर उचलून फेकण्याचे प्रकार टाळावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर प्रत्यक्ष झुंज नको. खरे तर हौसेने शिकणाऱ्या चाळिशीच्या माणसाला डोक्यावर फटके खाण्याची काहीच गरज नाही. काता, जोडीचा ठरलेला सराव आणि पॅडवर ठोसे यांतून आरोग्याचा बहुतेक सगळा फायदा मिळतो. चुकून डोक्याला मार बसलाच तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपवावा. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा गोंधळलेपण दिसले तर लगेच तपासून घ्यावे. घामट चटयांवरून गजकर्ण पसरते, म्हणून आपला टॉवेल आपल्यापुरता, घरी येताच आंघोळ आणि गणवेश रोज धुणे, हे नियम मुलांनाही लागू.

खंड पडला म्हणून काय झाले

बहुतेकांचा सराव अवघड काताने नाही, पहिल्या खंडाने मोडतो. घरात लग्न निघते, मुलाची परीक्षा येते, मार्चअखेरीचे काम येते. आठ दिवस जातात आणि "आता काय, सुटलंच" असे वाटते. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाच्या बाबतीत २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते हे ऐकीव सूत्र धरून बाविसाव्या दिवशी निराश होण्याचे कारण नाही.

गर्दीच्या आठवड्यात सराव बंद करण्याऐवजी लहान करावा. दहा मिनिटे नाहीत तर दोन मिनिटे, एक काता आणि एका पायावर उभे राहणे. कमावलेली ताकद टिकवायला ती कमावण्यापेक्षा बरीच कमी मेहनत लागते. बेल्टच्या परीक्षेची घाईही मोठ्यांनी करू नये. मुलगा वर्षात तीन पट्टे बदलेल, आईचा पांढराच राहील. तिच्या उपाशीपोटी साखरेचा, रक्तदाबाचा आणि जमिनीवरून हात न टेकता उठण्याचा आकडा बदलला की झाले.

आकडेवारीतल्या त्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये क्लासबाहेर थांबणाऱ्या अनेक आया असणार. घरातल्या सगळ्यांच्या वेळा सांभाळून उरलेल्या वेळात स्वतःचे बघायचे, हे त्यांच्या इतके अंगवळणी पडलेले असते की समोरचा रिकामा तासही आपला वाटत नाही. तो आपला म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही, पण घरातल्या कुणी तरी "आज कुकर मी लावतो, तू आत जा" असे म्हटले तर खूप फरक पडतो.

पुढच्या मंगळवारी साडेसहाला गाडी स्टँडवर लावल्यावर मोबाइल उघडण्याआधी एकदा आत डोकावून बघावे. सरांना विचारावे. घरी आल्यावर मुलालाच म्हणावे, आज काय शिकलास ते दाखव. तो दाखवेल, आपला हात धरून सरळ करेल आणि "आई, कोपर आत घे" असे मोठ्या गंभीरपणे सांगेल. त्याची उजळणी होईल आणि आपली पहिली दहा मिनिटे सुरू झालेली असतील.